हात डोक्यावर आणि हॉर्न चालू

दुकानात नवा माणूस आला की तो आधी माझ्या मागे बघतो. मिस्त्री कुठे दिसतोय का, म्हणून. मागे भिंतीवर वायरची वेटोळी लटकलेली असतात आणि त्यांच्याखाली स्टुलावर आमचे हे बॅटरीत पाणी भरत बसलेले असतात. मग तो माणूस त्यांनाच गाडीचं दुखणं सांगायला लागतो. आमचे हे सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी माझ्याकडे मान वळवून म्हणतात, "तिला सांगा. मला फक्त बॅटरी कळते." हे वाक्य त्यांनी आजवर एकदाही कंटाळून म्हटलेलं नाही. संसारात याहून जास्त काय मागायचं?

मी मूळची सिन्नरची. लग्नाआधी तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत होते. गाडीच्या अंगात ज्या वायरी असतात ना, त्यांचा जुडगा आधी एका मोठ्या फळीवर अंथरून बांधतात आणि मग तो अख्खा गाडीत बसवतात. ते बांधायचं काम आम्ही बायकाच करायचो. लाल कुठून निघते, काळी कुठे जाते, कुठे पट्टी आवळायची आणि कुठे सैल सोडायची, हे हातांना पाठ झालं होतं. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा ह्यांचं आडगाव नाक्याजवळ बॅटरीचं छोटं दुकान होतं. त्याला मी वायरिंगची जोड दिली. सासूबाई आधी कुरकुरल्या. पुढे त्या स्वतःच पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या, की आमची सून गाडीच्या खाली असेल, चहा घेईपर्यंत येईल वर.

आमच्या धंद्यात गाडी बिघडते तेव्हा माणसं चमत्कारिक वागतात. चाक पंक्चर झालं तर कुणी देवाला दोष देत नाही. कारण खिळा दिसतो. वीज दिसत नाही, म्हणून वायरिंगमध्ये बिघाड झाला की लगेच भूत, करणी, नजर असलं सगळं सुरू होतं. सटाण्याचा एक कांद्याचा व्यापारी पिकअप घेऊन आला होता. उजवीकडचा इंडिकेटर लावला की वायपर चालू व्हायचा. खाली उतरायलाही तयार नव्हता. म्हणाला, "ताई, या गाडीमा कायतरी शे." होतंच. डॅशबोर्डच्या मागे उंदराने कांद्याच्या सालींचं घरटं केलं होतं आणि तिथल्या वायरी कुरतडल्या होत्या. घरटं बाहेर काढून दाखवलं तेव्हा तो इतका हसला, की मला वाटलं आता हाच बिघडतो की काय.

पण कुणी विचारलं की तुमचं सगळ्यांत चांगलं काम कोणतं, तर मी मोहिते साहेबांच्या गाडीचं नाव घेते. दुरुस्ती म्हणाल तर हातभर वायरची सुद्धा नव्हती.

मोहिते साहेब बँकेतून निवृत्त झालेले. गंगापूर रोडच्या बाजूला त्यांचा बंगला. चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं तेव्हा ते दुकानात आले. नेहमीप्रमाणे आधी ह्यांच्याशी बोलले, मग माझ्याकडे वळले. त्यांना गाडीत कॅमेरा बसवून हवा होता. आम्ही बसवतो, त्यात विशेष काही नाही. मी विचारलं, पुढचा रस्ता दिसेल असा ना? ते म्हणाले, नाही, आत बघणारा. ड्रायव्हरच्या हातांवर रोखलेला. आणि ड्रायव्हरला कळता कामा नये.

मी हातातलं काम खाली ठेवलं. असला कॅमेरा मागणारा माणूस एकतर फार रागात असतो नाहीतर फार दुःखात. साहेब दोन्हीत होते. हळूहळू सगळं बाहेर आलं.

त्यांच्या पत्नीला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा हात आणि पाय पुन्हा चालते करायला त्यांना व्यायामासाठी न्यावं लागायचं. साहेबांना एका डोळ्यानं कमी दिसू लागलेलं, त्यामुळे रोजच्या रहदारीत गाडी चालवायचा धीर होईना. म्हणून काशीनाथला ठेवलं होतं. काशीनाथ गावित, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. घाटात जीप चालवून हात बसलेला, शांत माणूस. वहिनींना तो खुर्चीतून उचलून गाडीत बसवायचा तेव्हा त्या स्वतः म्हणायच्या, की याच्या हाताला धक्का माहीतच नाही.

त्या महिन्यात काशीनाथने रजा मागितली. त्याच्या गावी बोहाडा असतो. देवादिकांचे मुखवटे घालून गावभर सोंगं नाचवतात. त्यातलं नरसिंहाचं सोंग पूर्वीपासून त्याच्या घराकडे. साहेबांनी रजा नाकारली. वहिनींचा व्यायाम चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि त्यानंतर चारदोन दिवसांतच बंगल्यासमोर उभी असलेली गाडी दुपारी आपोआप हॉर्न द्यायला लागली. एकदा वाजला की थांबायचा नाही. आत वहिनी दचकून जाग्या व्हायच्या आणि त्यांचा तो कमजोर हात थरथरत राहायचा. साहेब बाहेर धावायचे, तर काशीनाथ ड्रायव्हरच्या जागेवर बसलेला, हात स्टीअरिंगवर. म्हणायचा, आपोआप वाजला, मी थांबवायला आलो.

साहेबांनी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दिली. त्या लोकांनी दोन दिवस ठेवून घेतली, रिले, म्हणजे हॉर्नला वीज सोडणारा छोटा खटका, बदलला, हॉर्नचं बटण उघडून पाहिलं. तिथे हॉर्न एकदाही आपोआप वाजला नाही. रविवारी साहेब स्वतः वहिनींना जवळच्या देवळात घेऊन गेले, परत येऊन गाडी त्याच जागी लावली. दिवसभर गाडी मुकी. सोमवारी काशीनाथ आला आणि दुपारी पुन्हा भोंगा.

"आता तुम्हीच सांगा," साहेब म्हणाले, "माझ्या हाताखाली वाजत नाही, त्यांच्याकडे वाजत नाही, फक्त त्याच्याच हाताखाली वाजतो. मी काय समजायचं?"

समोरच्या बंगल्यातले चौधरी रोज येऊन सांगत होते, की ड्रायव्हर सूड उगवतोय, त्याला घालवा. सगळ्या गल्लीने तेच धरलं होतं. साहेबांनी त्याला आठवड्याची मुदत दिली होती. कॅमेरा हवा होता तो घालवताना मनाला टोचणी राहू नये म्हणून. ते म्हणाले, पुरावा मिळाला की मला शांत झोप लागेल.

मला त्यांचं चुकतंय असं वाटलं नाही. हिशेब तोच येत होता. पण माझा एक नियम आहे. ज्या गाडीत बिघाड असल्याचं कुणी म्हणतंय, तिला मी बिघाड शोधायच्या आधी दुसरं काही जोडत नाही. मी म्हटलं, कॅमेरा बसवते, पण आधी उद्या दुपारी मी तुमच्याकडे येते. गाडी जिथे उभी असते तिथेच मला ती बघायची आहे. तिला हलवू नका आणि काशीनाथला रोज लावतो तशीच लावू द्या.

इथे हॉर्नचं गुपित सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्याला वाटतं, बटण दाबलं की हॉर्नकडे वीज जाते. तसं नसतं. किल्ली काढली तरी त्या वाटेवर वीज आधीच येऊन उभी असते, दाराशी पाहुणा उभा असावा तशी. तिला फक्त बाहेर पडायला जागा हवी असते. बटण ती जागा करून देतं, म्हणजे त्या एका वायरला गाडीच्या लोखंडाशी जोडतं. लगेच रिले टक् करतो आणि हॉर्न वाजतो. याचा अर्थ असा, की बटणापर्यंत जाणारी ती वायर वाटेत कुठेही सोलली आणि उघडी तार लोखंडाला लागली, तर हॉर्नला काय कळणार की हात माणसाचा नव्हता? तो वाजणारच.

दुसऱ्या दिवशी हे मला स्कूटरवर सोडून गेले. गाडी फाटकाबाहेर उतारावर उभी होती. काशीनाथ तिच्यापासून दूर, चौधरींच्या कुंपणाच्या सावलीत बसला होता. चाळिशीचा असेल. मला बघून उठला. मी ओळख सांगितली, तर म्हणाला, "ताई, तुमी कायबी बघा. मी गाडीला हात लावत नाय. लावला तर परत माझंच नाव."

मी त्याला विचारलं, गाडी चालवताना कधी हॉर्नने त्रास दिला का? तो जरा घुटमळला. मग म्हणाला, त्र्यंबकच्या रस्त्याला एकदा मोठ्या वळणावर बारीकशी पीं झाली होती, साहेब ओरडले होते, त्याला वाटलं चुकून अंगठा लागला असेल.

मी ते डोक्यात ठेवलं आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. पुढची चाकं पूर्ण वळलेली होती, काठाच्या दगडाला टेकवलेली. मी काशीनाथला विचारलं, नेहमी अशीच लावतोस? तो म्हणाला, उतारावर गाडी लावायची तर चाकं काठाला वळवूनच, घाटात असंच शिकवतात, ब्रेक सुटला तरी गाडी पळायची नाय. मी साहेबांना विचारलं, तुम्ही रविवारी कशी लावली होती? ते म्हणाले, सरळ. मी कधी चाकं वळवत नाही.

मला एकदम आनंद झाला. हे ज्याने अनुभवलं आहे त्यालाच कळेल. वायर अजून हाती लागलेली नसते, पण ती कुठे दडली आहे त्या खोलीचं दार दिसलेलं असतं. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी छपराखाली, चाकं सरळ. साहेबांकडे चाकं सरळ. फक्त काशीनाथकडे वळलेली. म्हणजे त्याच्या हातात काही होतं खरं, पण ती त्याची चांगली सवय होती.

तरीही एक गाठ सुटत नव्हती. चाकं तर सकाळपासून वळलेली होती, मग हॉर्न दुपारीच का वाजावा? तेवढ्यात खिडकीतून वहिनींनी हाक मारली. त्यांचा पलंग खिडकीशी होता. झटक्यानंतर त्यांचं बोलणं जरा जड झालं होतं, शब्द सावकाश यायचे. त्या म्हणाल्या, "ऊन काचेवर आलं, की वाजतो. मी रोज बघते."

साहेबांनी विचारलं, मला का नाही सांगितलंस? त्या म्हणाल्या, "तुम्ही ऐकायला थांबत नव्हता. काशीनाथकडे धावत होता."

मी वर पाहिलं. सूर्य गच्चीच्या कठड्याआडून सरकत होता. पुढच्या काचेचा अजून एक कोपरा सावलीत होता. आमच्याकडे थोडा वेळ होता.

मी साहेबांना म्हटलं, तुम्ही गाडीत बसा. किल्ली नको, काचा बंद. आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवा. त्यांना ते कसंतरीच वाटलं असणार. बँकेत इतकी वर्षं साहेब म्हणून वावरलेला माणूस भर दुपारी स्वतःच्या दारात हात डोक्यावर घेऊन गाडीत बसणार. पण ते बसले, यातच त्यांचा मोठेपणा आला. काशीनाथला मी फाटकाशी उभं केलं, सगळ्यांना दिसेल असं. चौधरी कुतूहलाने बाहेर आलेच होते. शेजारच्या दोन बायका गच्चीवर वाळवण राखत होत्या, त्याही कठड्याशी आल्या.

ऊन काचेवर आलं. डॅशबोर्डवर चढलं. साहेबांच्या कपाळावरून घामाचे ओघळ निघाले. मी दाराशी उभी होते आणि मनात म्हणत होते, वाज बाई, आज तरी वाज. न वाजता संध्याकाळ झाली असती, तर काशीनाथची उरलीसुरली अब्रूही मीच घालवली असती. सगळ्या गल्लीसमोर तो फाटकाशी उभा आणि गाडी मुकी, याहून मोठा पुरावा चौधरींना कशाला हवा होता? काशीनाथ खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

आणि टक् झालं. मी ते आधी ऐकलं, कारण मी त्याचीच वाट बघत होते. लगेच हॉर्न सुरू झाला. सलग, कान किटवणारा. साहेब आत दचकले, पण हात डोक्यावरून काढले नाहीत. उलट घट्ट धरून बसले आणि काचेतून काशीनाथकडे बघत राहिले. काशीनाथ त्यांच्याकडे. मध्ये तो भोंगा. गच्चीवरच्या बायकांना हसू आवरेना. चौधरी साहेबांच्या हातांकडे बघत होते, मग काशीनाथच्या हातांकडे, मग परत साहेबांच्या.

मी मुद्दाम जरा वेळ वाजू दिला. एवढे दिवस त्या माणसाने ऐकून घेतलं होतं, आता गल्लीनेही घ्यावं. मग बॉनेट उघडून रिले उपसला. एकदम शांतता.

साहेबांना बाहेर काढून मी आत शिरले. ड्रायव्हरच्या पायाशी डोकं आणि पाय सीटवरून रस्त्याच्या बाजूला, असं उताणं पडून बघावं लागतं. साठीच्या बाईला हे शोभत नाही, असं माझी बहीण म्हणते. तिला तिथून काय दिसतं ते माहीत नाही. स्टीअरिंगचा दांडा खाली जातो तिथे एक लोखंडी सांधा असतो, दांड्याबरोबर फिरणारा. त्याच्या बाजूने हॉर्नची बारीक वायर गेलेली. तिला धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी तुटून पडली होती. वायर सैल होऊन लोंबत होती. चाकं पूर्ण वळली की सांध्याच्या बोल्टचं डोकं नेमकं तिच्यासमोर येऊन थांबायचं. घासून घासून वायरचं कातडं तिथे गेलं होतं, आतली तांब्याची तार चमकत होती. गाडी गार असली की तार आणि बोल्ट यांच्यात केसाएवढी फट राहायची. उन्हाने डॅशबोर्ड तापला की वायर मऊ पडून तेवढीच खाली यायची. त्र्यंबकच्या वळणावरची ती पीं पण हीच. चालत्या गाडीत सांधा फिरून पुढे निघून जातो, म्हणून ती क्षणात थांबली. उभ्या गाडीत बोल्ट हलत नाही, मग हॉर्न कसा थांबणार? काशीनाथ धावत जाऊन स्टीअरिंग हलवायचा, हॉर्न थांबायचा, आणि साहेब बाहेर येईपर्यंत त्याचे हात स्टीअरिंगवर असायचे.

मी साहेबांना वाकून बघायला लावलं. त्यांना त्या डोळ्याने नीट दिसेना, तेव्हा त्यांचं बोट धरून उघड्या तारेवर टेकवलं. मग काशीनाथला बोलावलं. त्याने बघितलं आणि कितीतरी वेळ तसाच वाकून राहिला.

खराब तुकडा कापून नवी वायर जोडली, वरून नळी चढवली आणि नवी पट्टी आवळली. सिन्नरला बांधायचो तशी, बोट आत जाईल एवढी ढील ठेवून. बाहेर आले तर साहेब चौधरींसमोर उभे होते. काशीनाथचा दंड धरलेला होता, जणू तो निघून जाईल अशी भीती असावी. म्हणाले, "यानं वाजवला नव्हता. मी याच्यावर आळ घेतला आणि तुम्हाला सगळ्यांना सांगितलं. आता हेही सगळ्यांना सांगा." चौधरींनी मान हलवली. मग काशीनाथकडे वळून साहेब म्हणाले, "बोहाड्याला जा. मी बघतो इकडचं." काशीनाथ इतकंच म्हणाला, "जाईन साहेब."

तो गेला. नरसिंहाचं सोंग त्यानेच नाचवलं. परत येताना आमच्या दुकानात नागलीच्या पापडांचा पुडा ठेवून गेला. पण साहेबांकडे तो पुढे वर्षभरच राहिला. वहिनी काठीने चालायला लागल्या आणि त्याने पेठच्या रस्त्यावर स्वतःची जीप घातली. साहेबांना ते लागलं. मला म्हणाले, त्याने तसं काही बोलून दाखवलं नाही, पण मला वाटतं आमच्यात काहीतरी उसवलं ते उसवलंच. तारेला तार जोडून वर नळी चढवता येते. यांच्यात मला कुठे हात घालता येणार होता?

पण त्या दुपारी असलं काही कुणाच्या मनात नव्हतं. रिले परत बसवून मी हात पुसले आणि म्हटलं, झालं. काशीनाथने माझ्याकडे किल्ली मागितली. गाडी थोडी पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा त्याच जागी उतारावर लावली आणि चाकं काठाच्या दगडाला पार टेकवली. मग किल्ली काढून आतच बसून राहिला. काचा बंद. ऊन तेव्हा ऐन भरात होतं. गल्ली उभी होती. साहेब म्हणाले, "अरे, बाहेर ये, भाजशील." तो आला नाही. डॅशबोर्ड हात ठेववणार नाही इतका तापला, शर्ट पाठीला चिकटला, तरी हॉर्न मुका. चौधरींनी शेवटी स्वतःच मान डोलावली आणि आत जायला वळले.

तेव्हा काशीनाथने काच खाली केली. खिडकीत बसलेल्या वहिनींकडे बघितलं. वहिनींना त्याच्या मनातलं कळलं असणार, कारण त्यांनी तो डावा हात, महिनोन् महिने जेमतेम हलणारा, जमेल तेवढा वर उचलला. आणि काशीनाथने आपला तळवा स्टीअरिंगवर ठेवून हॉर्न दाबला. एकदाच, चांगला लांब, मनापासून.